टाचण आणि टाका : त्र्यंबक परिसरातील गोधडीच्या निमित्ताने

पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्या दिवसांत थंडी कडक असते. पायी आलेल्या दिंड्यांचा मुक्काम धर्मशाळांत, वाड्यांच्या ओट्यांवर आणि राहुट्यांत पडतो, आणि पहाटे काकड्याच्या वेळी अंगाभोवती गोधडी लपेटून बसलेली माणसे जागोजाग दिसतात. याच ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांस उपदेश केला, अशी परंपरा आहे. आणि निवृत्तिनाथांची समाधीही येथेच, इ. स. १२९७ मधील. नाथपंथी योग्याच्या वेशात मुद्रा, शृंगी, सेली यांच्या जोडीने 'कंथा' सांगितलेली असते. कंथा म्हणजे चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र. तेव्हा आपली घरगुती गोधडी ही नाथांच्या कंथेचीच गृहस्थाश्रमी वारस होय, असे म्हणण्याचा मोह त्र्यंबकासारख्या स्थळी सहज होतो. प्रस्तुत लेखकासही तो काही काळ झाला होता. पुढील विवेचन त्या मोहाची तपासणी म्हणून वाचावे.

प्रथम शब्दाविषयी एक सावधगिरी. 'कंथा' हा शब्द पाणिनीच्या सूत्रांत येतो म्हणून गोधडीची प्राचीनता थेट अष्टाध्यायीपर्यंत नेता येईल, असे कोणास वाटल्यास ती चूक ठरेल. दुसऱ्या अध्यायातील चौथ्या पादाच्या विसाव्या सूत्रात येणारी कंथा ही उशीनर देशातील ग्रामनामांच्या शेवटी येणारी कंथा होय. तिचे नाते समरकंद, ताश्कंद अशा नावांतील उत्तरपदाशी आहे, सुईदोऱ्याशी नाही. वस्त्रवाचक कंथा निराळी. ती जोगी-संन्याशांच्या वर्णनांत वारंवार भेटते, आणि हठप्रदीपिकेतील सिद्धांच्या नामावलीत 'कंथडी' नावाच्या एका सिद्धाचीही गणना आहे. याचा अर्थ इतकाच की, मध्ययुगात हे वस्त्र विरक्ताचे चिन्ह म्हणून प्रतिष्ठा पावले होते. ते कसे शिवले जाई, कोण शिवी, याविषयी नाव काहीच सांगत नाही.

महाराष्ट्रातील दुसरे नाव 'वाकळ'. हे 'वल्कल' शब्दावरून आले, हे ध्वनिशास्त्रदृष्ट्या निर्वेध आहे. संस्कृत 'ल्क'चा प्राकृतात 'क्क' होतो, त्याचे मराठीत एकेरीकरण होऊन मागील स्वर दीर्घ होतो. आणि दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो. वल्कल, वक्कल, वाकळ. झाडाची साल पांघरणाऱ्या वनवासी तपस्व्याचे वस्त्र नाव बदलून शेतकऱ्याच्या अंथरुणावर आले. तेव्हा कंथा आणि वाकळ ही दोन्ही नावे तपस्व्याच्या दारातून आलेली आहेत, हे मान्य करावयास हवे. 'गोधडी' या नावाचे भाऊबंद मात्र हिंदीतील गूदड, गुदडी, गुजरातीतील गोदडी असे सर्वत्र पसरलेले असून त्याला असा तपोवनाचा वास नाही. चिंधी, फाटके वस्त्र, एवढाच त्याचा भाव. आणखी दोन नावे आहेत ती तर केवळ हिशेबाची. 'दुपटे' म्हणजे दोन पटांचे, 'चौघडी' म्हणजे चार घड्यांची.

वस्तूच्या नावांवरून इतके कळते. परंतु वस्तूचा इतिहास नावांत जितका असतो त्याहून अधिक क्रियापदांत असतो. नाव उसने घेता येते, प्रतिष्ठेसाठी बदलता येते. काम करताना तोंडी येणारे क्रियापद सहसा कामाबरोबरच हातातून हातात जाते. म्हणून गोधडी कशी तयार होते ते आता पाहू.

चैत्र-वैशाखात, पेरणीपूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, जुनी नऊवारी लुगडी, धोतरे, फाटलेल्या चादरी धुऊन वाळवून ठेवतात. सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर तळाचा पट अंथरतात. त्यावर आतले थर येतात. येथे विटकी, विरलेली, ठिगळाची कापडे खपतात. सर्वांत वर पुन्हा एक बऱ्यापैकी लुगडे किंवा जोडलेल्या तुकड्यांचा पट येतो. प्रत्येक थर हाताने मधून काठाकडे सारीत सपाट करावा लागतो. कोपऱ्यांवर काही जड वस्तू ठेवतात. मग काठ आत दुमडून, सगळ्या थरांतून आरपार, वीत-दीड वीत अंतरावर लांबलांब टाके घालतात. त्यांना गाठ पक्की मारीत नाहीत. हे झाल्यावरच खरे शिवणे सुरू होते. काठापासून आत येत येत, ओळीला समांतर ओळ धरून, बारीक धावदोऱ्याने सगळी गोधडी भरून काढतात. हे काम कित्येक दिवस, कधी महिनेही चालते. गोधडी गुंडाळून ठेवावी, पुन्हा उलगडावी, शेजारणीने येऊन चार ओळी घालाव्या, असे ते होत जाते.

मधले लांब टाके का लागतात, हे जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण सगळ्या चर्चेचा बिंदू तोच आहे. जुने कापड सारखे झिजलेले नसते. लुगड्याचा काठ घट्ट राहतो, मधला भाग विरतो, पदर जड असतो. ताण्याच्या दिशेने कापड ओढले तर ते फारसे देत नाही, तिरकस ओढले तर वाटेल तितके ताणते. असे चार-पाच थर एकावर एक ठेवून सुई चालविली की प्रत्येक टाक्याबरोबर वरचा थर केसभर पुढे सरकतो. एका ओळीत हे कळत नाही. पन्नास ओळींनंतर वरच्या थराची चुणी पडते, खालचा थर झोळ धरतो, आणि समोरासमोरचे काठ एकमेकांशी जुळेनासे होतात. शिवण उसवून पुन्हा घालण्याखेरीज मग उपाय नसतो. लांब टाके थरांना परस्परांशी धरून ठेवतात. शिवाय ते ओळीची दिशाही दाखवितात. बारीक धावदोरा त्यांच्या धोरणाने सरळ जातो. काम पुरे झाले की ते ओढून काढतात. चांगली गोधडी म्हणजे ज्यात ते राहिलेले दिसत नाहीत ती.

यात्रेच्या दिवसांत त्र्यंबकातील एका वाड्याच्या ओट्यावर असे लांब दोरे उपसून काढणाऱ्या एका वृद्ध बाईस, याला काय म्हणतात, असे मी विचारले होते. "टाचून घेतलंय ते, दादा," त्या म्हणाल्या. "कच्चा दोरा. गोधडीला धरायापुरता." नाम त्यांनी सांगितलेच नाही, क्रियापद सांगितले, आणि मग त्या दोऱ्याचा गुण.

'टाचणे' हे ते क्रियापद. मराठी भाषिकाला, त्यातही अध्यापकाला, हा धातू चांगलाच परिचयाचा आहे. कागद एकत्र धरणारी ती टाचणी. वर्गावर जाण्यापूर्वी शिक्षक तयार करतात ते पाठाचे टाचण. विद्यार्थी व्याख्यान ऐकता ऐकता घेतो तेही टाचणच. म्हणजे एकाच धातूतून एकीकडे धरून ठेवण्याचा अर्थ निघाला, दुसरीकडे दिशा दाखविण्यापुरती, पुढे पक्के काम व्हावयाचे आहे म्हणून केलेल्या कच्च्या नोंदीचा. गोधडीवरील लांब टाका ही दोन्ही कामे एकदम करतो, हे आपण आताच पाहिले. धातूच्या दोन अर्थांची ही जोडी मला तरी आकस्मिक वाटत नाही.

त्याच्या शेजारी 'टीप' ठेवून पाहावी. शिवणकामात टीप म्हणजे पक्की शिवण. 'टीप मारणे' हा शब्दप्रयोग यंत्राच्या शिवणीसही लागला. लेखनात टीप म्हणजे लिहून झालेल्या मजकुरास जोडलेले स्पष्टीकरण. दोन्ही टिपा एका मुळाच्या असतील असे नाही. लेखनातील टिपेला टिप्पणीचा स्वतंत्र वंश आहे. परंतु बोलणाऱ्याच्या मनात त्यांचा क्रम सारखाच लागला आहे. आधी टाचण, नंतर टीप. कच्चे आधी, पक्के मागाहून. 'टाका' हा तिसरा शब्द. त्याचा संबंध धातुपाठात 'बांधणे' या अर्थी दिलेल्या 'टङ्क्' धातूशी आहे. सुईच्या कामाचे इतके घरगुती शब्द संस्कृत काव्यनाटकांत सहसा भेटत नाहीत, आणि त्याचे कारण उघड आहे. ज्यांच्या तोंडी ते होते त्यांनी काव्ये लिहिली नाहीत. इतके खरे की, सुईची टोच वाचविणाऱ्या टोपीला आपण 'अंगुस्तान' हा फार्सी शब्द वापरतो, आणि तो शिंप्याच्या दुकानातून आला. टाचणे, टाका, धावदोरा यांना दुकानाची गरज पडली नाही.

आता या कच्च्या टाक्याचा प्राचीन पुरावा कोठे मिळतो का? वस्त्रे टिकत नाहीत. त्यांतून उपसून टाकलेला दोरा तर मुळीच टिकत नाही. पुरावा मिळतो तो अनपेक्षित जागी, आणि त्याचे एक टोक त्र्यंबकापासून फार दूर नाही.

त्र्यंबकाहून नाशिकाकडे जाणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यात गोवर्धन हे प्राचीन स्थळ आहे. नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी, म्हणजे आजची पांडवलेणी. तेथील दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जामात उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. एमिल सेनार यांनी तो एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात संपादिला. लेणे संघास दिल्याचे सांगून उषवदात ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ रकमेस हात न लावता केवळ व्याज भोगावयाचे असे दान, देतो. ही रक्कम गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली आहे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक पडिक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण 'चीवरिक', म्हणजे वस्त्रासाठी, द्यावयाचे आहेत. हिशेब चोख आहे. दोन हजारांचे शेकडा एक दराने वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस गुणिले बारा तितकेच. (या श्रेणीचे नाव 'कोलिकनिकाय' आहे. 'कौलिक' म्हणजे विणकर. मराठीत जाळे विणणाऱ्या किड्याला कोळी म्हणतात त्याचे मूळ येथे शोधण्यास जागा आहे. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांतील महादेव कोळी समाजाशी या विणकरांचा संबंध केवळ नामसादृश्यावरून जोडू नये.)

वर्षावास संपला की चीवर. हा क्रम विनयपिटकातील 'कठिन' विधीचा आहे. उषवदाताच्या लेखात कठिन हा शब्द नाही, परंतु वर्षावास करणाऱ्या भिक्षूंस चीवराचे धन, ही व्यवस्था त्या चौकटीतच नीट समजते. कठिन म्हणजे मुळात काय? आज श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथे आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातही 'कठिन चीवरदान' या नावाने एक समारंभ होतो. पण पाली शब्दाचा मूर्त अर्थ शिवणकामाची चौकट असा आहे. संघाला मिळालेले कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करावयाचे असे; त्यासाठी ही चौकट.

चुल्लवग्गाच्या पाचव्या खंधकात या चौकटीचा इतिहास जवळजवळ कारागिराच्या रोजनिशीसारखा येतो. भिक्षू आधी जमिनीत खुंट्या ठोकून, कापड जागजागी बांधून शिवीत. त्याचे कोपरे वाकडे होत. म्हणून चौकट आणि तिची दोरी यांस अनुज्ञा मिळाली. पुढे चौकटीचे भाग वाढले. त्यांत 'विनंधनसुत्तक' आहे, म्हणजे चीवर चौकटीस बांधून ठेवणारा दोरा. मग दोन टाक्यांतील अंतरे विषम पडू लागली तेव्हा अंतर दाखविणारी खूण आली. दोऱ्याच्या ओळी वाकड्या जाऊ लागल्या तेव्हा 'मोघसुत्तक' आले. मोघ म्हणजे व्यर्थ, पोकळ. मोघसुत्तक म्हणजे खोटा दोरा.

हा शब्द प्रथम वाचला तेव्हा आपला कच्चा दोराच सापडला असे मला वाटले. परंतु बुद्धघोषाच्या नावावर असलेली समंतपासादिका ही अट्ठकथा त्याचा अर्थ नेमका सांगते. सुतार लाकडावर काळ्या सुताने रेघ उठवितात त्याप्रमाणे हळदीच्या सुताने कापडावर केलेली खूण, ती मोघसुत्तक. म्हणजे हे टाचणे नव्हे, आखणे आहे. आपल्याकडे आजही सुतार सूत मारतो, तीच ही क्रिया. थर धरून ठेवण्याचे काम विनंधनसुत्तकाचे, रेघ दाखविण्याचे मोघसुत्तकाचे. भिक्षूंच्या शिवणघरात दोन कामांना दोन दोरे होते आणि दोन शब्द होते. मराठी बाईच्या हातात दोन्ही कामांना एक दोरा आहे आणि एक धातू.

असे का झाले असावे? माझ्या मते उत्तर चौकटीत आहे. जेथे कापड ताणून धरणारी चौकट असते तेथे थर सरकण्याचे भय कमी असते. युरोप-अमेरिकेतील रजईकामातही मोठ्या चौकटीवर ताणलेल्या रजईस टाचण्याची गरज फारशी पडत नाही. मांडीवर घेऊन किंवा लहान कड्यावर शिवावयाची तीस मात्र आधी सर्वत्र टाचून घ्यावे लागते. चौकट आणि टाचण ही एकमेकींची कामे करतात. मराठी घरात रजईची चौकट नाही. तिला जागा लागते, लाकूड लागते, आणि एकदा कापड ताणले की काम संपेपर्यंत ती हलविता येत नाही. विहारातील भिक्षूंना ते शक्य होते, कारण बरोबरीचे हात होते आणि काम एका दिवसात उरकावयाचे होते. घरातील बाईचे काम उलट प्रकारचे आहे. ती स्वयंपाक, शेत, गुरे यांच्या मधल्या फटींतून शिवते. तिची गोधडी रोज गुंडाळली जाते. बंगालमधील कांथाही अशीच जमिनीवर अंथरून, आधी टाचून शिवतात. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली तिच्यावर लिहिलेल्या निबंधामुळे ती कलेतिहासात आली, आणि त्या निमित्ताने तिच्या घरगुती कर्त्रीही. आपल्या गोधडीचे भाग्य अद्याप तितके उजळलेले नाही.

थरांच्या संख्येविषयी मात्र विहार आणि घर यांचे विलक्षण मतैक्य आहे. महावग्गाच्या आठव्या खंधकात नव्या कापडाची संघाटी दुहेरी आणि झिजलेल्या कापडाची चौपदरी करण्यास अनुज्ञा आहे. त्याआधीचा प्रसंग असा की, हिवाळ्यातील ऐन थंडीच्या रात्री बुद्ध उघड्यावर बसून, किती वस्त्रांनी थंडी भागते हे स्वतः अनुभवून पाहतात. नवे दुहेरी, जुने चौपदरी : आपले दुपटे आणि आपली चौघडी. त्याच खंधकात आनंदाने मगधातील शेतांच्या बांधांसारखी चीवराची जोडणी केल्याची कथा आहे. हे साम्य वारशाचे आहे असे मी म्हणणार नाही. झिजलेल्या कापडाची ऊब किती, याचा हिशेब ज्याने त्याने थंडीत बसूनच केला असेल.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. गोधडीची कंथा व वाकळ ही नावे तपस्व्यांकडून आली, हे खरे. नाथांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी याच खोऱ्यात जोडवस्त्रे नेसणारे भिक्षू राहत होते आणि त्यांच्या कापडाचा खर्च गोवर्धनच्या विणकरांकडील व्याजातून चालत होता, हेही खरे. परंतु शिवण्याची रीत त्यांच्याकडून आल्याचे भाषा दाखवीत नाही. विहारातील कठिन, विनंधन, मोघसुत्त यांपैकी एकही शब्द मराठी शिवणकामात उतरलेला नाही. 'कठीण' उरले ते केवळ अवघड, टणक या अर्थी, आणि तेही तत्सम म्हणून. उलट टाचणे, टाका, धावदोरा, थर, काठ हे सगळे घरचे. विरक्ताने फाटक्या वस्त्राला अर्थ दिला. ते जोडण्याची विद्या घरात होती आणि बहुधा तिथूनच ती विरक्ताकडेही गेली, कारण झोळीत पडणारे जुने लुगडे आणि ते जोडणारा हात ही दोन्ही गृहस्थाच्याच घरची. गोधडीकडे केवळ वैराग्याचे प्रतीक म्हणून पाहण्याची आपल्या वाङ्मयेतिहासाची सवय मला म्हणूनच अपुरी वाटते. तीत पांघरणारा दिसतो, शिवणारी दिसत नाही.

एक योगायोग नोंदवून ठेवतो, कारण विद्यार्थी तो केव्हातरी शोधून काढतील आणि त्यावर इमला उभारतील. टाचण्याच्या अर्थी इंग्रजीत 'बेस्ट' असे क्रियापद आहे ('ए' दीर्घ). ते जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्याचे मूळ जर्मानिक 'बास्ट' या शब्दात, म्हणजे झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूत, सांगतात. सालीच्या तंतूने बांधणे, म्हणून टाचणे. आपली वाकळही सालीपासूनच निघाली. परंतु तिकडे साल क्रियेत शिरली, इकडे वस्तूत, आणि दोन्ही शब्दांचा परस्परांशी कसलाही संबंध नाही.

या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी बोलींच्या अभ्यासासाठी गावोगाव जाताना नातेवाचक आणि शेतीच्या शब्दांबरोबर शिवणाचेही शब्द विचारावेत, अशी सूचना आहे. विचारताना गोधडी समोर हवी आणि ती अर्धवट असावी. पुरी झालेल्या गोधडीवर 'टाचणे' हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी येत नाही, कारण दाखवावयास दोरा उरलेला नसतो. काठ दुमडण्याला, चुणी पडण्याला, कच्चा दोरा उपसण्याला वेगवेगळी क्रियापदे आहेत का, ते पाहावे. उपसलेल्या दोऱ्याचे काय करतात तेही विचारावे. त्र्यंबकच्या त्या बाईंनी तो फेकला नाही. एका काडीवर गुंडाळून पुढच्या गोधडीकरिता ठेवून दिला.